कार्लाइलचे मैदान आणि हजेरीपट

पुष्कळ दिवस आढेवेढे घेऊन अखेर गेल्या भाद्रपदात आम्ही उभयता अमेरिकेस जाऊन आलो. आमचे चिरंजीव पेनसिल्व्हेनिया राज्याची राजधानी जे हॅरिसबर्ग, तेथे नोकरीस आहेत. गावाला लागून सस्क्वेहाना नदी वाहते. पात्र मोठे रुंद, पण उथळ. पाण्यातून जागोजाग खडकांची डोकी वर आलेली. सकाळी स्नानसंध्या आटोपून नदीकाठी एक फेरी मारावी, दुपारी नातवास चार श्लोक सांगावेत, असा माझा क्रम होता. नातू बारा वर्षांचा. श्लोक तो आज्ञाधारकपणे म्हणतो. पण त्याचे खरे चित्त फुटबॉलात, आणि तेही आपल्याकडील नव्हे, अमेरिकन फुटबॉलात.

पहिल्याच आठवड्यात घरात एक लहानसे वादळ झाले. नातवाचे चार अक्षरी नाव मी स्वतः विष्णुसहस्रनामातून निवडून काढले होते. तेथील शाळेतील बाईंस ते उच्चारता येईना, म्हणून त्यांनी दोन अक्षरे छाटून एक सुटसुटीत नाव पाडले, आणि मुलगाही त्याच नावाने 'ओ' देऊ लागला. हे ऐकून माझा पारा चढला. "नाव म्हणजे काय कापडाचा तागा आहे, की जरूर तेवढे फाडून घ्यावे?" असे मी बोलून गेलो. सूनबाईंनी शांतपणे सांगितले, की येथे पुष्कळांचे असेच होते. बाई प्रेमळ आहेत, त्यांच्या मनात काही वाईट नाही. माझे समाधान झाले नाही. पुढे जे सांगावयाचे आहे, त्याच्याशी या वादळाचा संबंध आहे, म्हणून घरचीच गोष्ट वाचकांपुढे प्रथम मांडली.

पुढच्या रविवारी नातवाने हट्ट धरला, की आजोबांना 'इंडियन' शाळेचे मैदान दाखवावयाचे. मला वाटले, आपल्या देशबांधवांनी तेथे एखादी पाठशाळा काढली असावी. तसे विचारताच तो खो खो हसला. कोलंबस हिंदुस्थानच्या शोधात निघाला आणि भलत्याच किनाऱ्यास लागला. तेथे जे लोक भेटले त्यांस त्याने 'इंडियन' म्हटले. पाच शतके लोटली तरी आपले नाव त्या लोकांच्या गळ्यात अडकलेलेच आहे. त्यांची स्वतःची नावे निराळी आहेत: लकोटा, होपी, चेरोकी, ओजिब्वे, अशी शेकडो. ती कोणी विचारली नाहीत.

हॅरिसबर्गहून पश्चिमेस सुमारे वीस मैलांवर कार्लाइल हे गाव आहे. वाटेत मक्याची शेते आणि लाल रंगाची कोठारे. मेपल वृक्षांची पाने तेव्हा आपल्याकडील पळसासारखी पेटली होती. गाव जुने. डिकिन्सन नावाचे कॉलेज येथे १७८३ पासून चालू आहे. गावाच्या कडेस लष्करी छावणी आहे. तीत हल्ली सैन्यातील वरिष्ठ अधिकाऱ्यांस शिकविणारी संस्था आहे. चिरंजीवांनी परवान्याची व्यवस्था अगोदरच केली होती. दाराशी कागद दाखवून आम्ही आत गेलो.

ज्या शाळेसाठी आम्ही आलो होतो, ती याच छावणीत १८७९ ते १९१८ पर्यंत होती. संस्थापक रिचर्ड हेन्री प्रॅट हा सैन्यातील अधिकारी. मूळच्या लोकांचा नाश व्हावा असे म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते. प्रॅट त्यांतला नव्हता. ही मुले बुद्धीने कोणाहून कमी नाहीत, असे तो हिरिरीने सांगे. मात्र त्याचा उपाय विलक्षण होता. मुलातला 'इंडियन' तेवढा मारावा आणि माणूस वाचवावा, असे त्याने १८९२ मध्ये भर सभेत सांगितले. त्यासाठी मुले आईबापांपासून शेकडो कोस दूर आणावयाची, आणि त्यांची भाषा, वेष, देव, नाव सर्व उतरवून घ्यावयाचे.

१८७९ च्या ऑक्टोबरात लकोटा लोकांच्या मुलांची पहिली तुकडी मध्यरात्री या गावच्या स्टेशनावर उतरली. थोड्याच दिवसांत मुलांचे लांब केस कापण्यात आले. लकोटा लोकांत जवळचे माणूस गेले म्हणजे केस कापण्याची चाल आहे. आपल्याकडेही वडील गेले असता क्षौर करतात, तेव्हा त्या लेकरांच्या मनात काय आले असेल ते निराळे सांगावयास नको. त्या तुकडीत एक मुलगा होता. पुढे तो ल्यूथर स्टँडिंग बेअर या नावाने ग्रंथकार म्हणून प्रसिद्धीस आला. त्याने लिहून ठेवले आहे, की वर्गात फळ्यावर काही खुणा काढलेल्या होत्या. एकेका मुलाच्या हाती छडी देऊन त्यांतील एका खुणेवर टेकविण्यास सांगण्यात आले. त्या खुणा म्हणजे इंग्रजी नावे होत, हे मुलांस ठाऊकच नव्हते. ज्या खुणेवर छडी टेकली, ते नाव जन्मभरासाठी त्याचे झाले.

शाळेत अर्धा दिवस धडे आणि अर्धा दिवस सुतारकाम, लोहारकाम, शिवणकाम असा क्रम असे. चुकार मुलांस कोंडण्याची जागाही आम्ही पाहिली. ते १७७७ साली बांधलेले दगडी दारूकोठार आहे. भिंती अशा जाड, की आतला आवाज बाहेर येऊ नये. नातू तेथे फार वेळ उभा राहिला नाही.

तो ओढत नेत होता मैदानाकडे. मैदान म्हणजे हिरव्या गवताचा एक सपाट तुकडा आणि कडेला प्रेक्षकांची बैठक. आपल्या तालुक्याच्या गावी याहून मोठे मैदान सापडेल. पण १९१२ सालच्या शरदात येथे सराव करणाऱ्या पोरांनी अमेरिकेतील नामांकित कॉलेजांस पाणी पाजले. त्यांची स्वतःची शाळा कॉलेज नव्हतीच. तेथील शिक्षण फार तर आपल्या व्हर्नाक्युलर फायनलच्या आसपासचे होते.

खेळ ज्यांस ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दोन्हीकडे अकरा अकरा गडी, चेंडू लांबट, नारळाच्या आकाराचा. तो हाती घेऊन पळावयाचे. आपल्या हुतूतूत एका गड्यास सारे मिळून धरू पाहतात, तसे येथे चेंडूवाल्यास प्रतिपक्षाचे लोक आडवा करतात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकले तर चेंडू आपल्याकडे राहतो, नाही तर तो दुसऱ्यांस मिळतो. शेवटच्या रेषेपार चेंडू नेला की 'टचडाउन'. पूर्वी हा खेळ इतका रानटी होता, की १९०५ च्या हंगामात अनेक तरुण प्राणास मुकले, आणि अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांस कॉलेजांच्या प्रतिनिधींना बोलावून घ्यावे लागले. १९०६ पासून चेंडू पुढे फेकण्यास मोकळीक मिळाली. १९१२ मध्ये तीनांऐवजी चार प्रयत्न, टचडाउनास पाचांऐवजी सहा गुण आणि ११० ऐवजी १०० यार्डांचे मैदान, असे नियम झाले. हे बदल कार्लाइलच्या पथ्यावर पडले. त्यांचे गडी प्रतिपक्षाहून हलके असत. केवळ वजनाच्या रेट्याऐवजी वेग, फेक आणि हुलकावणी यांस किंमत आली, तेव्हा त्यांचे दिवस आले. त्यांचे शिक्षक ग्लेन वॉर्नर हे नवनवे डाव रचण्यात मोठे कुशल होते.

संघात निरनिराळ्या जमातींचे तरुण होते. डाव चालविणारा गस वेल्श आणि जो गायन हे ओजिब्वे लोकांपैकी. सर्वांत नामांकित तो जिम थॉर्प, सॅक अँड फॉक्स जमातीचा. घरी त्याचे नाव वा-थो-हुक होते, म्हणजे उजळलेली वाट. त्याच वर्षी जुलैत स्टॉकहोम येथील ऑलिंपिकमध्ये त्याने पाच खेळांची आणि दहा खेळांची अशा दोन्ही स्पर्धा जिंकल्या होत्या. त्याच शाळेतील होपी जमातीच्या लुई तेवानिमाने दहा हजार मीटरच्या शर्यतीत दुसरा क्रमांक मिळविला. हा तेवानिमा १९०७ मध्ये या शाळेत आला तो आपल्या इच्छेने नव्हे, सैनिकांच्या पहाऱ्यात आला होता. ज्या देशासाठी हे तरुण धावले, त्या देशाने मूळच्या सर्व रहिवाशांस नागरिकत्व दिले ते बारा वर्षांनी, १९२४ मध्ये.

१९१२ चा हंगाम सप्टेंबरात सुरू झाला. पहिल्याच सामन्यात ऑलब्राइट कॉलेजास ५० विरुद्ध ७ असे हरविले. गावातील डिकिन्सनला ३४ विरुद्ध शून्य, व्हिलानोव्हास ६५ विरुद्ध शून्य. वॉशिंग्टन अँड जेफर्सन कॉलेजाशी सामना शून्य-शून्य असा बरोबरीत सुटला. पुढे सिरॅक्यूज, पिट्सबर्ग, जॉर्जटाउन असे एकामागून एक संघ त्यांनी पाडले. मोठे सामने बहुधा परगावीच होत. गडी आगगाडीने जात, खेळत आणि परत येत. प्रेक्षकांच्या तिकिटांचा पैसा शाळेच्या खेळ-निधीत जमा होई.

९ नोव्हेंबर रोजी ते हडसन नदीकाठच्या वेस्ट पॉइंटला गेले. तेथे अमेरिकेच्या सैन्याचे अधिकारी तयार होतात. हा सामना साधा नव्हता. त्याच्या बावीसच वर्षांपूर्वी, डिसेंबर १८९० मध्ये, वूंडेड नी येथे या सैन्याने लकोटा स्त्रीपुरुषांची आणि मुलांची कत्तल केली होती. सामन्यापूर्वी वॉर्नरने गड्यांस त्याची आठवण दिली, असे सांगतात. त्याने दिली नसती तरी ते विसरले असते, असे मला वाटत नाही. पहिला टचडाउन सैन्याचा झाला. मग कार्लाइलने वॉर्नरची नवी मांडणी पुढे आणली. चेंडू कोणाच्या हाती आहे आणि कोणत्या अंगाने येतो आहे, हेच सैन्याच्या पोरांस उमगेना. सैन्याच्या संघनायकास रानटी खेळाबद्दल पंचांनी मैदानाबाहेर काढले. सैन्याकडून खेळणारा एक तरुण आपल्या सोबत्यासह थॉर्पला लोळविण्याचा बेत करून आला होता. बेत फसला आणि दोघांसच बाहेर बसावे लागले. त्या तरुणाचे नाव ड्वाइट आयझेनहॉवर. दुसऱ्या महायुद्धातील सेनापती आणि १९५३ पासून आठ वर्षे अमेरिकेचा अध्यक्ष, तोच हा. अखेरचे गुण कार्लाइलचे २७, सैन्याचे ६.

आणि पुढच्याच शनिवारी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाकडून ते ३४ विरुद्ध २६ असे हरले! हंगामातील ही एकच हार. नातू हे सांगताना अजूनही हळहळतो. मला मात्र ती हार वाचून बरे वाटले. ही कथा देवादिकांची नव्हे, थकणाऱ्या आणि चुकणाऱ्या पोरांची आहे, हे तीमुळे कळते. मग स्प्रिंगफील्डशी झालेल्या सामन्यातील संघाचे सर्व तीस गुण एकट्या थॉर्पने केले. नोव्हेंबरअखेर ब्राउन विद्यापीठास ३२ विरुद्ध शून्य असे हरवून हंगाम संपला. चौदा सामने, बारा विजय, एक बरोबरी, एक हार, आणि एकंदर ५०४ गुण.

त्यानंतर जे झाले ते असे. दोन महिन्यांच्या आत, जानेवारी १९१३ मध्ये, थॉर्पची दोन्ही पदके काढून घेण्यात आली. कारण एवढेच, की १९०९ आणि १९१० च्या उन्हाळ्यात तो किरकोळ पैशांवर बेसबॉल खेळला होता. आपणास यातले काही ठाऊक नव्हते असे म्हणून वॉर्नर आणि शाळेचे अधिकारी बाजूस झाले. सारा दोष त्या एकट्या तरुणावर आला. त्याच वर्षी गस वेल्शच्या पुढाकाराने शाळेतील २७६ मुलामुलींनी सह्या करून सरकारकडे शाळेच्या कारभाराविरुद्ध अर्ज केला. १९१४ मध्ये काँग्रेसच्या समितीने चौकशी केली. तीत खेळ-निधीच्या पैशाचा व्यवहारही उघडा पडला. शाळेचा मुख्य गेला, पुढे वॉर्नरही दुसरीकडे गेला, आणि १९१८ मध्ये महायुद्धातील जखमी शिपायांच्या इस्पितळासाठी सैन्याने जागा परत घेतली. गप्प बसावे, सांगितले तेवढे करावे, म्हणून ज्यांस आणले, त्यांनीच लिहिता येऊ लागताच आपल्या शाळेविरुद्ध अर्ज लिहिला. विद्येचा हा गुण मला त्या सबंध हंगामाहून मोठा वाटतो.

परत फिरताना आम्ही दफनभूमीपाशी थांबलो. पांढऱ्या, सारख्या उंचीच्या दगडांच्या रांगा. लष्करी कबरींवर असतात तशाच. क्षय आणि इतर रोग यांनी जी मुले येथे मेली, त्यांपैकी सुमारे एकशेऐंशी येथे पुरलेली होती. मूळची जागा निराळी. १९२७ मध्ये ती हलविण्यात आली. दगडांवर कोठे नाव, कोठे जमात. काहींवर नावच नाही, नुसते 'अज्ञात'. नातू एकेक दगड वाचीत चालला होता. एका दगडाशी थांबून त्याने विचारले, "आजोबा, शाळेत तर हजेरी असते ना? मग यांची नावे कोणालाच कशी ठाऊक नाहीत?"

त्या प्रश्नाने माझ्या पायांखालची जमीन सरकली. हजेरी मी पस्तीस वर्षे घेतली आहे.

नोकरीच्या सुरुवातीस मी रायगड जिल्ह्यातील एका डोंगराकडच्या गावी शिक्षक होतो. गावाबाहेर कातकऱ्यांची वाडी होती. मोठ्या मिनतवारीने मी तेथील एक मुलगा शाळेत आणला. त्याचे घरचे नाव वारावरून पडलेले, मला ते ओबडधोबड वाटले. संस्कृताचा अभिमान तरुण वयात अंमळ जास्तच असतो. मी रजिस्टरात त्याचे एक सुंदर तत्सम नाव लिहिले आणि मनाशी म्हटले, की या पोरास आपण केवढे दान दिले! दुसऱ्या दिवसापासून मी ते नाव पुकारी. उत्तर येत नसे, म्हणून मी गैरहजेरी मांडी. चार दिवसांनी माझ्या ध्यानात आले, की मुलगा रोज पहिल्या ओळीत माझ्यासमोर बसलेला असे. आपणास कोणी हाक मारीत आहे, हेच त्याला कळत नव्हते. वर्गात हशा पिकला आणि मीही हसलो. त्याच्या बोलीतील शब्दांबद्दलही मी त्याला पुष्कळदा टोकले. दोन पावसाळे काढून तो शाळेतून नाहीसा झाला. 'गळती' या सदरात मी एक आकडा वाढविला.

मी दिलेले नाव मला आजही आठवते. ते येथे लिहीत नाही, कारण ते त्याचे नव्हे. तो ज्या नावाने आला होता, ते त्या दफनभूमीत मी कितीतरी वेळ आठवून पाहिले. आठवेना.

प्रॅट दुष्ट असता तर मला सोपे गेले असते. मी त्याला दोष देऊन मोकळा झालो असतो. पण तो आपल्या समजुतीप्रमाणे मुलांचे कल्याण करावयास निघाला होता, आणि मीही. माझ्या नातवाचे नाव छाटणाऱ्या बाईही प्रेमळच आहेत. त्यांनी दोन अक्षरे छाटली म्हणून मी घर डोक्यावर घेतले. मी तर एक अख्खे नाव पुसले होते. मुलाला आपण काही देतो आहोत या आनंदात, त्याच्यापासून काय काढून घेतो आहोत हे मास्तरास दिसत नाही.

या कथेचा शेवट सर्वस्वी अंधाराचा मात्र नाही. २०१५ मध्ये रोजबड येथील लकोटा तरुणांची एक तुकडी प्रवासात येथे थांबली. आपल्या या भावंडांना घरी का नेऊ नये, असा प्रश्न त्या मुलांनीच विचारला. २०१७ पासून सैन्याने अवशेष त्या त्या जमातीस परत देण्यास आरंभ केला. २०२१ मध्ये रोजबडची नऊ मुले घरच्या मातीत गेली. २०२४ च्या ऑक्टोबरात अध्यक्ष बायडन यांनी अशा शाळांबद्दल देशाच्या वतीने क्षमा मागितली आणि डिसेंबरात ही जागा राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केली. थॉर्पच्या विजयाची नोंद १९८२ मध्ये अर्धवट परत आली. दोन्ही स्पर्धांचा एकमेव विजेता म्हणून त्याचे नाव लागले ते २०२२ मध्ये, तो वारल्यास एकोणसत्तर वर्षे झाल्यावर. त्याचा देह मात्र अद्यापि पेनसिल्व्हेनियातच, त्याच्या नावावरून नाव बदलून घेतलेल्या एका परक्या गावी आहे. त्यास ओक्लाहोमातील स्वजनांत नेण्यासाठी मुलगे कोर्टापर्यंत लढले, पण यश आले नाही.

मोटारीत बसल्यावर मी नातवास त्याचे पूर्ण नाव फोड करून सांगितले, धातू सांगितला, अर्थ सांगितला, आणि शाळेत कोणत्या नावाने हाक मारलेली तुला आवडेल असे विचारले. त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, "बाईंना मी पूर्ण नाव शिकवीन. त्यांना येईल." सोमवारी त्याने ते शिकविले. बाईंचा उच्चार अजून थोडा अडखळतो, असे कळते.

दिवाळीनंतर स्वदेशी परतल्यावर मी प्रथम त्या डोंगराकडच्या गावी गेलो. शाळेची इमारत आता पक्की झाली आहे. हेडमास्तरांनी कृपाळूपणे जुने जनरल रजिस्टर काढून दिले. माझेच वळणदार अक्षर, आणि माझेच दिलेले नाव. मूळ नावाची नोंद कोठेच नव्हती. वाडीवर गेलो, तो बहुतेक झोपड्यांस झापे लावलेली. माणसे वीटभट्ट्यांवर गेलेली. एक म्हातारी तेवढी अंगणात होती. तिने सांगितले, की तो आहे, लेकरेबाळे आहेत, होळीला सारी परत येतात.

होळीस मी जाणार आहे. त्याने नाव सांगितले, तर ते नीट ऐकून घेईन.